शाळा कोन झाडते?

दादा,

तुझ्या पँटच्या खिशातून शाळेची किल्ली निघाली. वहिनीनं ती धुण्यातून बाजूला काढून खिडकीत ठेवली होती. तू गेल्यानंतरचा जलदान विधी आटोपला, पाहुणे पांगले, तेव्हा तिनं ती माझ्या हातात दिली. "बाई, हे तेवढी शाळेत नेऊन द्या. मले तेथी जाववत नाई." मलाही जाववत नव्हतं. त्या फाटकात मी जवळजवळ चार वर्षांत पाय ठेवला नव्हता, आणि का ठेवला नव्हता ते तुला, मला आणि माझ्या मुलीला, मैत्रीला, सोडून कोणाला धड माहीत नाही. पण वहिनीला नाही कशी म्हणू? आज सकाळी मैत्रीला बरोबर घेऊन गेले. जाऊन आले, आणि किल्ली अजून माझ्याकडेच आहे. ती परत का दिली नाही, ते तुला सांगायला बसले आहे. मला स्वतःलाही ते अजून नीट कळलेलं नाही.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. नागोयाहून निघून नागपूर, तिथून सौंदडपर्यंत यायला दोन दिवस लागले, तोवर तू कशाला थांबशील? तुला थांबायची सवयच नव्हती. परवाच्या शोकसभेत लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की हे चुकून दुसऱ्याच कोणाबद्दल तर चाललं नाही ना, असं मला वाटायला लागलं. म्हणे, शांत स्वभावाचे गुरुजी. कधी कोणाला वावगा शब्द नाही. दादा, तू आणि शांत! कॅरममध्ये हरलास की सोंगट्या अंगणात भिरकावणारा तू. ज्या रविवारी फोनवर आपलं भांडण झालं नाही असा एक रविवार मला आठवत नाही. मी मागच्या सतरंजीवर बसून होते आणि मला मोठ्यानं सांगावंसं वाटत होतं, की अहो, हा माणूस माझ्याशी भांडायचा, आणि ते भांडण अर्ध्यावर टाकून गेला आहे.

नव्व्याण्णव साली मी लग्न करून जपानला निघाले तेव्हा गोंदियाच्या फलाटावर तू मला काय सांगितलंस, आठवतं? आई रडत होती, वहिनी डोळे पुसत होती, आणि तू म्हणालास, "तेथची शाळा पाहून ठेव एखांदी. मंग सांगजो मले." मी नवा संसार मांडायला निघालेली, आणि तुला शाळा हवी होती. पण मीही तुझीच बहीण. आमच्या घराच्या गॅलरीतून समोर एक प्राथमिक शाळा दिसायची. पोर होण्याच्या आधीच दोन वर्षं मी त्या शाळेकडे बघत बसायचे आणि रविवारी फोन लावून तुला बातम्या द्यायचे.

"दादा, इथं मुलं कडाक्याच्या थंडीत पण अर्ध्या चड्डीत शाळेत येतात. अंग काटक होतं म्हणे."

"आमचे बी अर्ध्या चड्डीतच येतेत," तू म्हणायचास. "पर त्यायले कोनी काटक नाई म्हनत. गरीब म्हनतेत."

मैत्री शाळेत जायला लागल्यावर तर मला ऊतच आला. इथं मुलं चालत शाळेत जातात, रांगेनं, सहावीतली मोठी मुलगी पुढं आणि लहानगी मागं, डोक्यावर पिवळ्या टोप्या, आईबाप कोणी बरोबर नाही. किती स्वावलंबी! तुझं उत्तर तयार. "आमचे पोट्टे नाला पार करून येतेत, अर्धा कोस. पान्यापावसाचे येतेत. त्यायले नाई कोनी पिवळी टोपी देत." इथं तिसरीपर्यंत परीक्षेचा बाऊ करत नाहीत, म्हटलं, तर तू म्हणालास, आमच्याकडं बाऊ करायला पोरं परीक्षेला आली तर पाहिजेत, त्या हप्त्यात धान कापणी असते. कोणीच हरत नव्हतं आपल्यात. मला वाटायचं हे असंच म्हातारपणापर्यंत चालेल. मी बढाया मारीन आणि तू त्यांना टाचणी लावशील.

मग एका रविवारी तू विचारलंस, "शाळा कोन झाडते तेथी?"

मी म्हणाले, "मुलंच."

"कोनते पोट्टे?"

"सगळेच."

"सगळे म्हंजे?"

"सगळे म्हणजे सगळे, दादा. डॉक्टरचा मुलगा, मासेवाल्याची मुलगी, आपली मैत्री. भिंतीवर पुठ्ठ्याचं एक गोल चक्र असतं, खिळ्यावर फिरणारं. दर सोमवारी ते एक घर पुढं सरकवायचं. ज्याच्या नावासमोर जे काम येईल ते त्यानं करायचं. झाडणं, फरशी पुसणं, फळा. संडासपण."

  मग तू म्हणालास, "मले नाई पटत. अशी शाळा नसते."

तुला पटावं म्हणून मी फोटो पाठवला. डोक्याला त्रिकोणी रुमाल बांधलेली मैत्री, हातात झाडू, शेजारी तीन पोरं गुडघ्यांवर बसून फरशी पुसताहेत, आणि मागं भिंतीवर ते चक्र. फोटो पोचल्यावर तुझा फोन आला. आपल्याकडं झाडूला फडा म्हणतात. तू म्हणालास, "येवढ्या दूर नेऊन पोरीच्या हाती फडाच देला का वं बेबी तूनं?" मी हसले. मला वाटलं, तू नेहमीसारखी टाचणी लावतो आहेस. तू हसत नव्हतास, हे फोनवर कसं दिसणार?

आता मागचं आठवते तेव्हा मला माझीच चीड येते. आपल्या लहानपणची शाळा तुला जशी आठवत होती तशी मला आठवतच नव्हती. मातीची जमीन, आणि शनिवारी सकाळच्या शाळेत ती शेणानं सारवायची. गुरुजी दारात उभे राहून हाक मारायचे, "टोलीतले या रे." टोली म्हणजे आपली, बौद्धांची वस्ती. इतर दिवशी टोलीतली मुलं झाडायची, शनिवारी टोलीतल्या मुली सारवायच्या. गावातली बाकीची पोरं तेवढा वेळ मैदानात हुतुतू खेळायची. कोणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मी दुसरीत, तू सातवीत. शनिवार माझा होता. आणि दर शनिवारी मी पोचायच्या आधी तू पोचलेला असायचास. माझ्या वाट्याची जमीन तू आधी झाडून घ्यायचास, मग शेण कालवून सारवायचास. मी बाहेरच्या दगडी भिंतीवर बसून बोरं खायचे. गुरुजी तुला हसायचे, "काऊन बे, बहिनीचा चाकर हायेस का?" तू खाली मान घालून हात चालवायचास. आणि मला, दादा, मला त्या भिंतीवर बसून राणीसारखं वाटायचं. मोठा भाऊ माझं काम करतो. मला शनिवार आवडायचा.

दोन हजार दहाच्या जानेवारीत आम्ही आलो, तेव्हा मैत्री आठ वर्षांची होती. धान निघालेल्या बांध्यांमधून लाखोरीचं पीक वर आलं होतं आणि तू तिला मोटरसायकलवर पुढं बसवून शाळेत नेलंस. मी वहिनीच्या भावाबरोबर मागून आले. तुझी शाळा म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा, बाजूला खिचडीची चूल. तू आधी पोरांना ओळीत बसवून मैत्रीची ओळख करून दिलीस, आणि तिला जपानी भाषेत एक ते दहा म्हणायला लावलंस. पोरं हसून हसून लोळली. तू इतका खुशीत होतास की शिट्टी वाजवत मागच्या खोलीत गेलास. मी फाटकाशी कोणा ओळखीच्या बाईशी बोलत उभी होते. तेवढ्यात आतून आवाज आला. चापटीचाच. शाळेत वाढलेल्या आपल्या दोघांना तो आवाज लांबूनही ओळखू येतो.

मी धावत आत आले तेव्हा मैत्री खोलीच्या मधोमध उभी होती. डोक्याला हातरुमाल बांधलेला. झाडू पायाशी पडलेला. गालावर तुझी बोटं. तू तिच्यासमोर उभा. "ठेव तो. खाली ठेव मनलं ना," असं तू म्हणत होतास, झाडू तर केव्हाचाच खाली पडला होता. सगळी पोरं गार झाली होती. तू कधीच कोणावर हात उचलत नाहीस, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. मैत्री रडली नाही. तिथं शिकवतात तसं दोन्ही हात मांड्यांवर ठेवून ती कमरेत वाकली आणि तिच्या त्या भाषेत तुझी माफी मागितली. ते पाहून माझं डोकं फिरलं.

घरी येऊन मी काय काय बोलले ते तुझ्याबरोबर गेलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्याजवळ ते राहिलंच आहे. मी म्हणाले, तिथं माझ्या पोरीला कोणी बोटही लावत नाही. मी म्हणाले, झाडू हातात घेतल्यानं कोणी लहान होत नाही, तुझ्या डोक्यातून ती टोली अजून गेली नाही. तू जेवत होतास. जेवतच राहिलास, म्हणून मला आणखी चेव आला, आणि मी म्हणाले, "तू अगदी आपल्या त्या गुरुजीसारखाच निघालास."

तू ताटातला भात संपवलास. उठून ताट स्वतः धुतलंस, पालथं घातलंस आणि बाहेर गेलास.

आम्ही दोन दिवस आधीच निघालो. सौंदडच्या फलाटावर तू आलास, पण आमच्यापासून लांब, पार टोकाच्या बाकाशी उभा राहिलास. गोंदियाची पॅसेंजर लागली, आम्ही चढलो, तेव्हा तू झपझप चालत खिडकीशी आलास, लाखोरीच्या डाळीची एक पिशवी गजांतून आत सारलीस आणि वळून गेलास. मी ती डाळ तिथं नेऊन वर्षभर फोडली नाही. मग एक दिवस शिजवली आणि मैत्रीनं दोनदा मागून घेतली.

त्यानंतर रविवार बंद झाले. मी फोन करायचे तो वहिनीला, तूही घरात असलास तरी नसल्यासारखा. मला वाटायचं, मोठा तो आहे, हात त्यानं उचलला, आधी त्यानं बोलावं. तुला काय वाटायचं कोण जाणे.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली, दादा. राहिली नाही, मी लपवली. मैत्री चौथीत असताना तिच्या वर्गात एक नवा मुलगा आला. तिथं दुपारचं जेवण मुलंच वाढतात, पांढरे झगे घालून. मैत्रीचा नंबर होता, ती सूप वाढत होती, आणि त्या मुलानं तिच्या हातची वाटी घेतली नाही. तिच्या सावळ्या हाताकडे बघून म्हणाला, दुसरीनं वाढावं. मैत्रीनं घरी येऊन हे सांगितलं ते अगदी सहज, गृहपाठाचं सांगावं तसं.  आणि त्या घटकेला मला नवऱ्याला नाही, आईला नाही, फक्त तुला फोन करावासा वाटला. तूच विचारलं होतंस ना, सगळे म्हंजे? मी फोन लावला. नेमका तू उचललास. मी "दादा" म्हणाले. तू म्हणालास, "थांब, देतो तिले." आणि वहिनीला हाक मारलीस. मी वहिनीशी तिकडच्या थंडीबद्दल बोलले आणि ठेवून दिला. ते तुझे मला शेवटचे शब्द. थांब, देतो तिले. त्या मुलाचं पुढं काय झालं म्हणशील, तर वर्गाच्या बाईंनी काहीतरी केलं, काय ते मला आजही नीट कळलेलं नाही, पण पुढच्या आठवड्यात तो मैत्रीच्या हातची वाटी घ्यायला लागला. तुझ्या बाजूनं धरायचं की माझ्या, ते तूच ठरव. मला तर ठरवता येत नाही.

आज सकाळी आम्ही शाळेत पोचलो तेव्हा शाळा भरायला वेळ होता. व्हरांड्यात खिचडीवाल्या शेवंताबाई तांदूळ निवडत होत्या. बारा वर्षं तुझ्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या याच ना त्या? मला पाहून त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग मैत्रीला जवळ ओढून तिच्या गालावरून हात फिरवला, त्याच गालावरून. मी किल्ली पुढं केली. त्यांनी ती घेतलीच नाही.

"हे किल्ली मी कायले घेऊ वं बाई? हे तं झाडायची किल्ली हाये गुरुजीची."

मला काही कळेना. मग त्या बोलत गेल्या, आणि मी व्हरांड्याच्या खांबाला धरून ऐकत राहिले. म्हणे, तू रोज शाळेच्या आधी एक तास यायचास. फाटक आतून लावून घ्यायचास. दोन्ही खोल्या, व्हरांडा, मुतारी, सगळं स्वतः झाडून धुऊन काढायचास, हातपाय धुऊन शर्ट बदलायचास आणि मग फाटक उघडायचास. त्यांनी कितीदा म्हटलं, गुरुजी, मी झाडतो, तुमी काऊन झाडता? तर तू म्हणायचास, तुमचं काम खिचडीचं. ते करा.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"हे पोरगी येऊन गेली ना, त्या हप्त्यापासून."

"आणि त्याच्या आधी कोण झाडायचं?"

शेवंताबाईंनी सूप खाली ठेवलं. "सांगू का बाई? पायल झाडे. टोलीतली. सकाळीच येऊन झाडून जाये. तिच्या आंगोदर तिची मोठी बहीन झाडे. कोनी सांगतलं नवतं. तसंच चालू होतं. गुरुजीले वाटे मी झाडतो, अन् मले वाटे गुरुजीले ठाऊक हाये."

दादा, या शाळेत रुजू झालास तेव्हा तू मला फोनवर काय सांगितलं होतंस? माझ्या शाळेत मी कोणत्याच पोराला झाडू घे म्हणणार नाही. छाती काढून सांगितलं होतंस. आणि तू म्हटलंही नव्हतंस कोणाला. फक्त रोज स्वच्छ खोलीत येऊन बसत होतास, वर्षानुवर्षं. मला फोनवर विचारलंस, कोनते पोट्टे? स्वतःच्या शाळेत विचारायचं राहून गेलं तुझं.

मी मैत्रीकडे पाहिलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, मी ते तिच्याकडूनच घेतलं होतं."

"काय घेतलं होतंस?"

"झाडू. त्या दिवशी तिला सकाळी उशीर झाला होता म्हणे, म्हणून मामा मागच्या खोलीत गेल्यावर ती मुलगी झाडत होती. मी विचारलं, आज कोणाचा नंबर आहे? सगळे म्हणाले, हिचा. मी विचारलं, उद्या कोणाचा? म्हणाले, हिचाच. रोज हिचाच. मला वाटलं, तक्त्यात काहीतरी चूक झाली असेल. म्हणून मी म्हटलं, मग आज माझा. आणि मागं वळले तर मामा दारात उभा होता."

चार वर्षं ही पोर माझ्याजवळ राहिली आणि हे मला माहीत नव्हतं. मी त्या दिवशी तिला एवढंच विचारलं होतं, दुखतंय का? ती म्हणाली होती, थोडं. मला तेवढंच पुरलं होतं.

आता मला सांग, ती चापट कशाची होती? भाचीच्या हातात झाडू दिसला आणि तुझ्या डोळ्यांपुढं आपल्या शाळेतला शनिवार आला, त्याची? की दारात उभं राहून "रोज हिचाच" हे ऐकलंस, त्याची? स्वतःच्या तोंडात मारून घेता येत नाही म्हणून समोर जो गाल होता त्यावर मारलीस? की दोन्ही नाही, नुसता संताप, सोंगट्या भिरकावणारा? मी दिवसभर एकीकडं झुकते आणि मग दुसरीकडं. काहीही असलं तरी माझ्या पोरीला मारायला नको होतंस. हे मी आजही म्हणते. आणि मी तुला त्या गुरुजीसारखा म्हणायला नको होतं. त्या गुरुजींनी उभ्या आयुष्यात हातात झाडू धरला नव्हता.

शेवंताबाई उठून आत गेल्या आणि कपाटामागून एक पुठ्ठा घेऊन आल्या. गोल कापलेला, मधे खिळ्याचं भोक. मला एकदम ओळखू आलं. मी पाठवलेल्या फोटोत मैत्रीच्या मागं जे होतं, त्याचीच नक्कल. कडेनं तुझ्या अक्षरात सोमवार ते शनिवार. आतल्या लहान गोलावर सहा गट. शेवंताबाई म्हणाल्या, त्याच वर्षी जूनमध्ये तू हे भिंतीवर लावलं होतंस. सगळ्या पोरांची नावं, गावातली, टोलीतली, सगळी मिसळून. तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी गावातली चारपाच माणसं आली. आमचा पोट्टा झाडू मारायले येते का शाळेत, म्हणून. आणि त्यांच्या मागोमाग, दादा, टोलीतूनही दोन बाप आले. ते म्हणाले, गुरुजी, तुमी आपले असून आमच्या लेकरायच्या हाती परत तेच देता?

"मंग?"

"मंग गुरुजीनं काढून ठेवलं. कोनाले काई बोलले नाई. पर फेकलं बी नाई."

मैत्रीनं पुठ्ठा हातात घेतला. नावांच्या जागी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. एकावर एक, नीट, कडा न सुटता. तिला देवनागरी सावकाश वाचता येते. तूच पाठवलेल्या अंकलिपीवरून मी शिकवली. तिनं बोट ठेवून पहिली पट्टी वाचली. गुरुजी. आतला गोल एक घर फिरवला. गुरुजी. परत फिरवला. सहा घरं होती, सहाही तिनं वाचली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, यात पण चूक आहे."

तिथल्या तिथं मला रडू फुटलं. तुझ्या शोकसभेत आलं नव्हतं ते.

परतीच्या वाटेवर तिनं विचारलं, मामानं मला का मारलं होतं? विचारणारच होती. मी तिला खरं ते सांगितलं, की मला नक्की माहीत नाही. मग आपल्या शाळेचं सांगितलं. टोली म्हणजे काय ते सांगितलं, बारा वर्षांच्या पोरीला पहिल्यांदाच. इतकी वर्षं मला वाटत होतं, तिला हे कळायची गरजच नाही, हेच माझं यश. शनिवारी मी भिंतीवर बसून बोरं खायचे तेही सांगितलं.  ती म्हणाली, "म्हणजे मामानं तुझा शनिवार केला. आणि तू कधी परत केला नाहीस?"

नाही केला. मला तर तो माझा होता हेच विसरायला झालं होतं. झाडूची लाज कशी असते ते मला ठाऊक नाही, दादा, म्हणूनच मी तिथं उभी राहून एवढ्या तोऱ्यात बोलू शकले. ती लाज तू माझ्यापर्यंत येऊच दिली नव्हतीस. आणि मी तुलाच शिकवत होते.

तुझी शाळा चांगली की मैत्रीची, ते भांडण आता कोणाशी पुरं करू? मला उत्तर मिळालेलं नाही. तू माझं ऐकून ते चक्र केलंस, की ते चालत नाही हे मला दाखवायला जपून ठेवलंस? तू रोज झाडत होतास ते माझ्या बाजूनं होतं की माझ्या विरुद्ध? शेवंताबाईंना ठाऊक नाही, वहिनीला तर तू झाडायला जातोस हेच ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, गुरुजींना शाळेची फार ओढ.

परवा रविवारी आम्ही निघतो. वहिनी आत्ताच विचारून गेली, किल्ली दिली का? मी म्हटलं, उद्या देते. मैत्रीनं तो पुठ्ठा घरी आणलाय. शनिवारच्या घरातली पट्टी ओली करून काढायला बघत होती, ती निघाली नाही. डिंक चांगलाच लावला होतास. शेवटी तिनं तिच्यावरच एक नवी पट्टी चिकटवली आणि पेन माझ्या हातात दिलं.

उद्या शनिवार आहे. सकाळची शाळा. मी पोरांच्या एक तास आधी जाईन.